अनिच्छित मार्गदर्शनाचा स्वीकार : ठाणे-कळव्याच्या खाडीवरील १३२१ ची घटना

ख्रिस्ती धर्मजीवनात ईश्वरी मार्गदर्शनाची कल्पना जितकी मध्यवर्ती आहे तितकीच ती इतिहासाच्या अभ्यासकाला अडचणीत टाकणारी आहे. ईश्वराने मार्ग दाखविला की नाही, याचा निर्णय कागदपत्रांच्या आधारे करता येत नाही आणि तसा तो करण्याचा प्रयत्नही इतिहासाच्या कक्षेबाहेरचा होय. परंतु एखाद्या माणसाने आपल्या मनाविरुद्ध घडलेल्या घटनेस ईश्वरी मार्गदर्शन असे नाव दिले, तर ते नाव त्याने केव्हा दिले, ते देताना काय गमावले आणि पुढे काय केले, या प्रश्नांचा शोध मात्र घेता येतो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात रूढ असलेला ‘पाचारण’ हा शब्द या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. पाचारण बाहेरून येते. ज्याला हाक मारली जाते त्याची अनुमती आधी घेतलेली नसते.

ख्रिस्ती परंपरेच्या मूळ ग्रंथांत हा विरोध लपविलेला नाही. योना संदेष्टा निनवे टाळण्यासाठी उलट दिशेच्या गलबतावर चढला आणि वादळाने त्याला परत फिरविले. पौलाच्या मनात बिथुनिया प्रांतात जावयाचे होते. ती वाट बंद झाली आणि तो मासेदोनियात गेला. गेथशेमाने बागेत स्वतः येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली, अशी शुभवर्तमानांची साक्ष आहे. तिन्ही ठिकाणी आज्ञापालनाबरोबर नाराजीचीही नोंद राहिली आहे. पुढील काळातील संतचरित्रांत मात्र ही नाराजी हळूहळू पुसली जाते आणि भक्ताने प्रत्येक आघात हसतमुखाने झेलला असे चित्र उभे राहते. या दोन प्रकारच्या नोंदींतील अंतर तपासण्यास ठाण्याच्या खाडीवर १३२१ मध्ये घडलेली एक घटना विशेष उपयोगी पडते. तिच्याविषयी दोन वेगळ्या वृत्तींच्या माणसांचे लेखन उपलब्ध असून, त्यांतील एक जण त्या आघातातून मागे उरलेला होता.

घटनेची पार्श्वभूमी

शिलाहारांच्या काळात श्रीस्थानक म्हणून प्रसिद्ध असलेले ठाणे चौदाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम किनाऱ्यावरील एक गजबजलेले बंदर होते. देवगिरीच्या यादवांची सत्ता मोडून कुतुबुद्दीन मुबारकशाह खिलजीने दख्खनवर ताबा बसविला, त्यानंतर या भागावर दिल्लीच्या वतीने अधिकारी नेमले गेले. १३२० मध्ये दिल्लीत खिलजी घराणे संपुष्टात येऊन घियासुद्दीन तुघलक तख्तावर आला. म्हणजे १३२१ च्या वसंतात ठाण्याचा मलिक ज्या सुलतानाच्या नावाने कारभार पाहत होता त्याला राज्यावर येऊन वर्षही झाले नव्हते. दूरच्या बंदरातील अधिकाऱ्याच्या निर्णयांत दिसणारी चलबिचल समजून घेताना ही अस्थिरता ध्यानात घ्यावी लागते.

याच सुमारास युरोपातील फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन या दोन संघांचे धर्मबंधू इराणमधील तब्रीझ व आसपासच्या मठांतून पूर्वेकडे जात होते. चीनमध्ये खानबालिक येथे जॉन ऑफ माँतेकोर्विनो हा फ्रान्सिस्कन काम करीत होता आणि त्याला मदतनिसांची नितांत गरज होती. त्याची पत्रे पोपच्या दरबारी पोहोचविण्याचे काम ज्याने केले तो तोलेन्तिनोचा थॉमस हा इटालियन धर्मबंधू आता वृद्धत्वाकडे झुकला होता. तरुणपणी संन्याशाच्या दारिद्र्याविषयीच्या कडव्या मतांमुळे त्याने स्वतःच्याच संघाच्या तुरुंगात दिवस काढले होते. १२९० च्या सुमारास संघप्रमुखाने मुक्त केल्यावर तो आर्मेनियात गेला. चीनला पोहोचणे हे त्याचे अखेरचे ध्येय होते. त्याच्याबरोबर पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस असे तिघे फ्रान्सिस्कन होते. दिमित्रियस अनेक भाषा जाणणारा होता. या चौघांच्या सोबतीला दक्षिण फ्रान्समधील सेव्हराक गावचा डोमिनिकन धर्मबंधू जॉर्डानस कातालानी होता.

होर्मुझच्या बंदरात हे पाच जण गलबतात बसले तेव्हा त्यांना केरळातील कोल्लम येथे उतरावयाचे होते. तेथे जुने ख्रिस्ती लोक होते आणि पुढे चीनकडे जाणारी जहाजेही मिळत. परंतु गलबत कोल्लमला न जाता त्यांच्या इच्छेविरुद्ध ठाण्यास लागले. या प्रवासवृत्ताचा लेखक पोर्देनोनेचा ओदोरिक ही गोष्ट स्पष्टपणे नमूद करतो. ठाण्यात त्या वेळी नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असेही तो सांगतो. त्यांपैकी एका घरी पाहुण्यांची सोय झाली.

या पहिल्या वळणाला त्या धर्मबंधूंनी काय नाव दिले असेल याची कल्पना करता येते. ज्या फ्रान्सिस्कन संघाचे ते सदस्य होते त्याच्या १२२३ च्या नियमावलीत, परधर्मीयांत जाण्याची ईश्वरी प्रेरणा ज्याला होईल त्याने आपल्या प्रांतप्रमुखाची परवानगी घ्यावी असे बंधन होते. आतील प्रेरणा आणि बाहेरील आज्ञा यांचा मेळ बसल्याखेरीज मार्गदर्शन प्रमाण मानले जात नसे. वाऱ्याला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. प्रेरणा चीनची, परवानगीही त्याच दिशेची, आणि गलबत उभे ठाण्याच्या धक्क्याला, अशी ही स्थिती होती.

खाडीपलीकडे

जॉर्डानस ठाण्यात फार काळ थांबला नाही. भडोच बाजूस नावापुरते ख्रिस्ती उरलेले लोक आहेत असे कळल्यावरून तो उत्तरेकडे निघाला आणि सोपाऱ्यास पोहोचून तेथे काम करू लागला. बाकीचे चौघे ठाण्यातच राहिले.

पुढील अनर्थाचे कारण अगदी घरगुती होते. ओदोरिकच्या वृत्तांताप्रमाणे पाहुण्यांच्या यजमानाचे पत्नीशी भांडण झाले आणि त्याने तिला मारहाण केली. तिने काझीकडे फिर्याद नेली. साक्षीदार कोण, असे काझीने विचारताच तिने घरी उतरलेल्या चार फिरंगी संन्याशांचे नाव घेतले. तेथे हजर असलेल्या अलेक्झांड्रियाच्या एका माणसाने, हे लोक विद्वान आहेत, त्यांना बोलावून धर्मचर्चा करावी, असे सुचविले. पीटर सामानाजवळ राहिला आणि उरलेले तिघे काझीपुढे गेले. मारहाणीची फिर्याद बाजूला पडून साक्षीदारांच्या धर्माची चौकशी सुरू झाली. इस्लामच्या प्रेषिताविषयी त्यांचे मत काय, असा प्रश्न पुन्हापुन्हा करण्यात आला तेव्हा थॉमसने अतिशय कठोर उत्तर दिले. त्यानंतर प्रकरण हाताबाहेर गेले.

येथे ओदोरिक अग्निपरीक्षेचा प्रसंग विस्ताराने सांगतो. जेम्सला दोनदा अग्नीत टाकले आणि दोन्ही वेळा तो सुरक्षित बाहेर आला, असे त्याचे कथन आहे. त्या चमत्काराविषयी भाष्य करण्याचे कारण नाही. परंतु त्यानंतर मलिकाने जे केले ते लक्षात घेण्याजोगे आहे. त्याने या माणसांना शहराजवळच्या खाडीपलीकडे एका वस्तीत नेऊन तेथील एका हिंदू गृहस्थाच्या घरी उतरविले आणि काझी तुमच्या जिवावर उठला आहे, येथून निघून जा, असे सुचविले. वृत्तांतात त्या वस्तीचे नाव दिलेले नाही. ठाण्याच्या समोरचा खाडीपलीकडचा किनारा म्हणजे आजचा कळवा. १८५४ मध्ये लोहमार्ग ठाण्यापुढे कल्याणपर्यंत गेला तेव्हा हीच खाडी पुलाने ओलांडण्यात आली. १३२१ मध्ये ती नावेने ओलांडावी लागे, आणि त्या रात्री तरी मलिकाच्या मनात ती या माणसांना वाचविणारी सीमा होती.

ती टिकली नाही. अपराध्यांना सोडल्यास धर्माची अप्रतिष्ठा होईल, असा आग्रह काझीने धरला. मलिकाने अखेर मान तुकविली आणि रात्री हत्यारबंद माणसे खाडीपार पाठविली. पाम रविवारापूर्वीच्या गुरुवारी, म्हणजे ९ एप्रिल १३२१ रोजी थॉमस, जेम्स आणि दिमित्रियस यांचा वध झाला. पीटरला ११ एप्रिल रोजी ठार करण्यात आले. पुढे दिल्लीच्या सुलतानाने या कृत्याबद्दल मलिकाला देहान्ताची शिक्षा दिली, असे ओदोरिक म्हणतो.

या घटनेकडे दोन धर्मांमधील अटळ संघर्ष म्हणून पाहण्याचा मोह आवरला पाहिजे. वृत्तांतातच संकट ओढवून घेणारे, ते टाळू पाहणारे आणि आसरा देणारे अशी निरनिराळी माणसे दिसतात. शिवाय फ्रान्सिस्कन परंपरेच्या दृष्टीनेही थॉमसचे उत्तर हा एक खुला प्रश्न ठरतो. फ्रान्सिसने १२२१ मध्ये तयार केलेल्या आधीच्या नियमावलीत मुसलमानांमध्ये राहण्याचे दोन मार्ग सांगितले आहेत. वाद न करता, सर्वांच्या अधीन राहून केवळ आपण ख्रिस्ती आहोत एवढे मान्य करावे, हा पहिला. ईश्वराला ते पसंत आहे असे दिसेल तेव्हा उघड उपदेश करावा, हा दुसरा. फ्रान्सिस स्वतः १२१९ मध्ये इजिप्तच्या सुलतानाच्या छावणीत गेला होता. रक्तसाक्षी होण्याची त्याची इच्छा होती, परंतु सुलतानाने त्याला सन्मानाने परत पाठविले. पुढच्याच वर्षी मोरोक्कोत पाच धर्मबंधू मारले गेले. म्हणजे संघाच्या स्मृतीत मरण पावलेले आणि मरणाची इच्छा असूनही जिवंत परतलेले, असे दोन्ही आदर्श जवळजवळ उभे होते. ठाण्यात जॉर्डानसच्या वाट्याला दुसरा आदर्श आला, आणि तोही त्याने मागितला नसताना.

मागे राहिलेला माणूस

सोपाऱ्यास असताना जॉर्डानसला सोबत्यांच्या अटकेची वार्ता कळली. तो परत आला तेव्हा सर्व संपले होते. ठाण्यात भेटलेल्या एका तरुण जिनोव्हाकराच्या मदतीने त्याने चौघांचे देह सोपाऱ्यास नेले आणि तेथील चर्चमध्ये शक्य तितक्या सन्मानाने पुरले. अशोकाचे शिलालेख आणि बौद्ध स्तूप यांमुळे सुपरिचित असलेल्या या प्राचीन शूर्पारकाच्या इतिहासात ख्रिस्ती दफनाचीही अशी एक नोंद आहे.

जॉर्डानसची दोन पत्रे उपलब्ध आहेत. पहिले १२ ऑक्टोबर १३२१ रोजी काठेवाडच्या किनाऱ्यावरील घोघा येथून इराणमधील दोन्ही संघांच्या धर्मबंधूंना लिहिलेले आहे. सोबत्यांच्या मृत्यूला सहा महिनेच झाले होते. तरी पत्राचा रोख व्यवहारी आहे. सोपारा, भडोच आणि कोल्लम या तीन ठिकाणी काम करण्यास अनुकूलता आहे, माणसे पाठवा, इथिओपियाची वाटही मोकळी असल्याचे लॅटिन व्यापारी सांगतात, असा त्याचा आशय आहे. दुसरे पत्र ठाण्याहून जानेवारी १३२४ मध्ये, म्हणजे त्या वेळच्या वर्षगणनेप्रमाणे १३२३ मध्ये, लिहिलेले आहे. अडीच वर्षांहून अधिक काळ एकट्याने काढलेल्या माणसाचे ते पत्र आहे.

या दुसऱ्या पत्राचा सूर विलापाचा आहे. इतरांच्या उद्धारासाठी म्हणून आपण सोबत्यांपासून दूर झालो ती घटका त्याला शापित वाटते. त्यांच्या वाट्याला आलेला मुकुट आपल्याला नाकारला गेला, ही खंत तो लपवीत नाही. त्यानंतर हालअपेष्टांची यादी येते : समुद्री चाच्यांनी लुटले, कैदेत पडावे लागले, आरोप झाले, संघाचा वेष नाहीसा होऊन नुसत्या सदऱ्यावर फिरण्याची पाळी आली, भूक, तहान, उष्मा, आजार, आणि सर्वांवर कडी म्हणजे खोट्या ख्रिस्ती लोकांनी केलेली निंदा. हे सर्व आणि याहून अधिक सोसण्याची आपली तयारी आहे असेही तो लिहितो. परंतु ते वाक्य विलापाच्या पाठोपाठ येते, विलापाच्या जागी येत नाही.

आणि त्याच पत्रात कामाचा हिशेब आहे. भडोच येथे सुमारे ९० जणांना, पुढे आणखी २० हून अधिक जणांना आणि ठाणे व सोपारा यांच्या दरम्यान ३५ जणांना बाप्तिस्मा दिल्याचे तो कळवितो. ज्या बंदराला त्याला यावयाचेच नव्हते त्याच्या परिसरात उभे राहिलेले हे काम होते. त्याचबरोबर पोपने या समुद्रात दोन युद्धनौका ठेवल्या तर मोठा लाभ होईल आणि अलेक्झांड्रियाच्या सुलतानाचे नुकसान होईल, अशी सूचनाही पत्रात आहे. ईश्वरी योजनेपुढे मान तुकविणारा माणूस आरमारी डावपेचांचा विचार करीत असल्याचे पाहून वाचकाला विस्मय वाटेल. परंतु यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. चौदाव्या शतकातील धर्मप्रचारकाच्या मनात या दोन गोष्टींमध्ये आजच्यासारखी भिंत नव्हती, आणि स्वीकाराची वृत्ती माणसाला त्याच्या काळाच्या महत्त्वाकांक्षांपासून मुक्त करीत नाही, एवढेच त्यावरून दिसते.

यानंतरच्या घटना एखाद्या कथाकाराने रचाव्यात तशा आहेत. जॉर्डानस युरोपात परतला. ऑगस्ट १३२९ मध्ये पोप जॉन बाविसाव्याने कोल्लम येथे बिशपचे पीठ स्थापन केले आणि त्यावर जॉर्डानसची नेमणूक केली. १३२१ मध्ये गलबताने ज्या बंदराला त्याला नेले नाही त्याच बंदराचा तो बिशप झाला. भारतातील वनस्पती, प्राणी आणि चालीरीती यांचे वर्णन करणारा त्याचा ‘मिराबिलिया’ हा छोटा लॅटिन ग्रंथही याच सुमाराचा. तेथे आंबा व फणस यांचे कौतुक आहे, लोकांच्या सत्यप्रियतेची व स्वच्छतेची वाखाणणी आहे, आणि दोन-तीनशे चांगले धर्मबंधू आले तर दरसाल दहा हजारांहून अधिक लोक ख्रिस्ती होतील असा उत्साहही आहे. हेन्री यूलने १८६३ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

थॉमसच्या बाबतीत तर नियतीचे वळण अधिकच विलक्षण आहे. काही काळाने ओदोरिक ठाण्यास आला, त्याने हुतात्म्यांच्या अस्थी ताब्यात घेतल्या आणि कोल्लममार्गे चीनमधील झैतून बंदरातील फ्रान्सिस्कन मठात नेऊन ठेवल्या. चीनला जाण्यासाठी निघालेला वृद्ध थॉमस अशा रीतीने चीनला पोहोचला. ओदोरिकने १३३० मध्ये पादुआ येथे आपला वृत्तांत सांगून लिहवून घेतला तेव्हा घटनेला नऊ वर्षे झाली होती, अस्थींचा प्रवास पूर्ण झाला होता आणि कथेला शेवट मिळाला होता. म्हणूनच त्याच्या वृत्तांतात हुतात्म्यांचे धैर्य आणि ईश्वराचा हात सर्वत्र स्पष्ट दिसतो.

जॉर्डानसच्या १३२४ च्या पत्राला हा शेवट ठाऊक नव्हता. कोल्लमचे पीठ त्या वेळी अस्तित्वात नव्हते. त्याने आपल्या दैवाला होकार दिला तो पुढील फळ पाहून दिलेला नाही. नंतर घडलेल्या गोष्टींचा प्रकाश मागे टाकून, ठाण्याचा वारा म्हणजे बिशपपदाकडे नेणारी पायरी होती असे म्हटले, तर त्या पत्रातील एकाकी वर्षांचे वजनच नाहीसे होते.

वसईचा गोन्सालो गार्सिया

मागाहून अर्थ लावण्याची ही प्रक्रिया ठाण्याच्या शेजारी, वसईत, सुमारे अडीच शतकांनंतर पुन्हा दिसते. पोर्तुगीज अमलाखालील वसईत १५५७ च्या सुमारास पोर्तुगीज पिता आणि भारतीय माता यांच्या पोटी गोन्सालो गार्सियाचा जन्म झाला. जेझुइट धर्मगुरूंच्या शिक्षणाखाली वाढलेला हा मुलगा किशोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथे अनेक वर्षे उपदेशकाचे साहाय्य करीत असताना तो जपानी भाषा उत्तम बोलू लागला. जेझुइट संघात आपल्याला प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. तो बाहेर पडला, व्यापारात शिरला, त्यात यशस्वी झाला आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात सामान्य बंधू म्हणून दाखल झाला.

१५९३ मध्ये फिलिपीन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराचे शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे निघाले तेव्हा पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कनाला दुभाष्याची गरज होती. गोन्सालोला पुन्हा जपानला जावे लागले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रूसावर चढविण्यात आले त्यांत तो होता. १६२७ मध्ये या सर्वांना धन्य आणि १८६२ मध्ये संत म्हणून घोषित करण्यात आले.

गोन्सालोच्या चरित्रकारांना त्याच्या जीवनात एक अखंड सूत्र दिसावे हे स्वाभाविक आहे. एका संघाने दार बंद केले म्हणून दुसरे उघडले; ज्या वर्षांत तो नाकारला गेला त्याच वर्षांत त्याने ती भाषा आत्मसात केली जिच्यामुळे त्याची निवड झाली. कार्यकारणाच्या दृष्टीने यातील दुसरे विधान खरे आहे. परंतु जॉर्डानसच्या उदाहरणाशी तुलना करता येथे एक उणीव जाणवते. नकार मिळाला त्या दिवसांत, व्यापाराच्या गादीवर बसलेल्या वर्षांत, त्या तरुणाच्या मनाची स्थिती सांगणारा त्या काळातील स्वतःचा शब्द चरित्रांत कोठे ऐकू येत नाही. संतपदाच्या घोषणेनंतर ती वर्षे केवळ पूर्वतयारी बनून जातात. व्यापारातील यश हेही त्याला मनापासून हवे असलेले काही असू शकेल, हा विचार चरित्रात्मक परंपरेला फारसा सुचत नाही.

दुसऱ्याला झालेले पाचारण

वरील दोन्ही उदाहरणांत मार्गदर्शन ज्याला मिळाले आणि ज्याला ते नको होते तो मनुष्य एकच होता. तथापि ठाण्याच्या प्रकरणात आणखी एक व्यक्ती आहे : काझीकडे फिर्याद घेऊन गेलेली ती ख्रिस्ती स्त्री. हुतात्म्यांच्या कथेची सुरुवात तिच्या अंगावरील मारापासून होते. परंतु साक्षीदार बोलावले जाताच ती कथेतून मागे पडते. तिचे नावही नोंदलेले नाही. दुसऱ्यांच्या पाचारणाची झळ ज्यांना लागते त्यांचे म्हणणे सहसा लिहिले जात नाही.

मराठी ख्रिस्ती इतिहासात या नियमाला एक ठळक अपवाद आहे, आणि तो विसाव्या शतकातील आहे. नारायण वामन टिळक यांना आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने नवा करार वाचण्यास दिला. पुढे बराच काळ मनाशी झगडून त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या दृष्टीने ते ईश्वराचे पाचारण होते. पत्नी लक्ष्मीबाई यांना मात्र ते पाचारण आलेले नव्हते. त्यांच्या वाट्याला आला तो संसाराचा भंग आणि काही वर्षांचा विरह. पुढे त्या पतीकडे परतल्या तेव्हाही धर्म बदलून परतल्या नाहीत. सोवळेओवळे सांभाळीत, स्वतंत्र पाणी भरीत त्या राहिल्या, आणि जातिभेदाचा स्वतःच्या बुद्धीने विचार करून मगच, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी हा सर्व काळ वर्णन केला आहे. मराठी गद्यातील एक श्रेष्ठ कृती म्हणून त्या ग्रंथाची प्रतिष्ठा वादातीत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. हा ग्रंथ लिहिताना लक्ष्मीबाई श्रद्धावान ख्रिस्ती होत्या. टिळक १९१९ मध्ये निवर्तले होते आणि त्यांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे करण्याचे काम लक्ष्मीबाईंनी पत्करले होते. मागे वळून पाहताना आपल्या सर्व दुःखाला ईश्वरी योजनेचे कोंदण बसविणे त्यांना सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. विरहातील संताप, पतीच्या विक्षिप्तपणाने झालेला जाच, जुन्या धर्मावरील जीव, हे सर्व त्यांनी विनोदाच्या आधाराने पण काहीही न वगळता नोंदविले. त्यांच्या स्वीकाराला किंमत येते ती या प्रामाणिकपणामुळे. पतीला मिळालेले मार्गदर्शन त्यांनी उसने घेतले नाही. स्वतःचे मिळेपर्यंत त्या थांबल्या.

उपसंहार

तीन उदाहरणांतून तीन प्रकारची साधने पुढे येतात. घटनेच्या जवळ असलेले पत्र, घटनेच्या शेवटानंतर रचलेले चरित्र, आणि शेवटानंतर लिहूनही आरंभाची वेदना जपणारे आत्मकथन. मार्गदर्शनाचा स्वीकार ही जर इतिहासाच्या अभ्यासाची वस्तू व्हावयाची असेल, तर तिचा शोध प्रामुख्याने पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या साधनांत घेतला पाहिजे. दुसऱ्या प्रकारच्या साधनांत स्वीकार आधीच पूर्ण झालेला असतो. त्यामुळे तेथे त्याची उभारणी पाहावयास मिळत नाही.

जॉर्डानस आणि लक्ष्मीबाई यांच्यामध्ये सहा शतकांचे, भाषेचे आणि पंथाचे अंतर आहे. तरीही त्यांच्या लेखनात एक समान घटना दिसते. दोघांनीही तक्रार मागे घेतली नाही आणि दोघांनीही काम थांबविले नाही. सोपाऱ्याच्या चर्चमध्ये मित्रांना पुरून परतलेला जॉर्डानस आपल्या दैवाला बोल लावीत ठाणे ते सोपारा या वाटेवर बाप्तिस्मे देत राहिला. लक्ष्मीबाई आपल्या पाण्याची घागर वेगळी ठेवून पतीच्या घरात राहिल्या. ख्रिस्ती अर्थाने ज्याला आज्ञापालन म्हणतात त्याचे ऐतिहासिक रूप अशा दैनंदिन कृतींत सापडते. मन शांत झाल्याची ग्वाही देणारे उद्गार त्या मानाने दुय्यम ठरतात, कारण ते बहुधा नंतरचे असतात.

यातून एक नैतिक सावधगिरीही निष्पन्न होते. स्वतःवर आलेल्या आघाताला ईश्वरेच्छा म्हणण्याचा अधिकार ज्याच्यावर तो आला त्याला आहे. तोच शब्द दुसऱ्याच्या दुःखावर लावला गेला म्हणजे त्याचे स्वरूप बदलते आणि तो गप्प बसविण्याचे साधन होऊ शकतो. ठाण्याच्या त्या अनाम स्त्रीची फिर्याद ज्या क्षणी मोठ्या कथेखाली दडपली गेली, त्या क्षणी तिच्या बाबतीत हेच घडले. चौघा हुतात्म्यांचा इतिहास लिहिताना तिची फिर्याद पुन्हा पटावर घेणे, आणि खाडीपलीकडे ज्याने आपल्या घरात परक्या धर्माच्या माणसांना रात्रीपुरता आसरा दिला त्या तितक्याच अनाम गृहस्थाची नोंद ठेवणे, हे त्या इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य होय.